रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

प्रश्न: वय ४३. चौदा वर्षांपूर्वी सिझेरियन झालं आणि पाच वर्षांपूर्वी गाठींमुळे गर्भाशय काढलं. दोन्ही वेळा ओटीपोटावर एकाच जागी आडवा छेद घेतला होता. अंडाशय ठेवले आहेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिन्यांनी उजवीकडे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही. चार सोनोग्राफी, दोन सीटी स्कॅन, एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. एक सर्जन म्हणतात, ‘आतडी चिकटली असतील, दुर्बिणीतून सोडवून बघू.’ दुसरे म्हणाले, ‘काही नाहीये, मन रमवा.’ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. रोज ट्रामाडॉलच्या दोन, कधी तीन गोळ्या लागतात. घरचे कंटाळले आहेत. ‘आत काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटतं. कारण सापडल्याशिवाय मी पुढे कशी जाऊ? ऑपरेशन करून घेऊ का? की मलाच वेड लागलंय?’

ताई,

तुमचं पत्र सहा पानांचं आहे. त्यातली चार पानं तपासण्यांनी भरलीत: कुठली तपासणी, कधी, कोणी सांगितली, निष्कर्ष काय. आणि पाचव्या पानावर, दोन तक्रारींच्या मध्ये, जाता जाता तुम्ही लिहिलंय: ‘व्रणाच्या उजव्या टोकाशी एका बोटाएवढी जागा आहे, तिथे कपड्याचं इलॅस्टिक टेकलं तरी नकोसं होतं. कुशीवर वळताना, खोकताना तिथूनच चमक निघते.’

मी त्या वाक्यापाशी थांबले. सीटी स्कॅनची चार पानं मी चाळली, पण हे वाक्य तीनदा वाचलं. या पाच वर्षांत किती जणांनी त्या एका बोटाएवढ्या जागेवर खरोखर बोट ठेवून पाहिलं? पत्रात तरी एकाचाही उल्लेख नाही. आम्हा डॉक्टरांच्या जमातीचा हा दोष आहे आणि मी त्यातून सुटलेली नाही. फाइल जाड असली की आम्ही फाइल तपासतो.

वेडाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तुम्हाला वेड लागलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणारं दुखणं इतक्या जणांना होतं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, त्याला स्वतंत्र नोंद आहे. तुमचं दुखणं बिननावाचं नाही.

आता ‘नॉर्मल’ या शब्दाकडे वळू. तुम्ही त्याचा अर्थ दोन टोकांचा घेतलाय. एका दिवशी वाटतं, ‘म्हणजे मी नाटक करतेय’. दुसऱ्या दिवशी, ‘म्हणजे यांच्या नजरेतून काहीतरी सुटलं.’ दोन्ही अर्थ मला मान्य नाहीत. सीटी स्कॅनला गाठ दिसते, पू साठलेला दिसतो, तुंबलेलं आतडं दिसतं, मूत्रमार्गातला खडा दिसतो. पोटाच्या स्नायूतून जाणारी, दोऱ्यासारखी बारीक नस टाक्यात किंवा व्रणात अडकली असेल तर ती त्याला दिसत नाही. आतडी एकमेकांना चिकटली असली तरी रस्ता मोकळा असेल तर बहुधा काही दिसत नाही. नस जास्त संवेदनशील झाली आहे हे तर कुठल्याच फिल्मवर उमटत नाही. तेव्हा ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की जे जीवघेणं शोधायचं होतं ते सापडलं नाही. ही बातमी चांगली आहे. फक्त ती ‘काही नाहीये’ या शब्दांत सांगितली, तिथे घोटाळा झाला.

‘आत काहीतरी राहून गेलंय’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तसं क्वचित घडतं. पण शस्त्रक्रियेत वापरायच्या कापसाच्या-जाळीच्या पॅडमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा मुद्दाम विणलेला असतो. दोन सीटी स्कॅनमध्ये तो दिसलेला नाही. ही एक भीती तरी आता खाली ठेवायला हरकत नाही.

पोट दुखतं म्हटलं की आपण आतडी, अंडाशय, मूत्राशय असं आतल्या अवयवांकडेच धावतो. पण त्या सगळ्यांना झाकणारी भिंत आहे, त्वचा, चरबी, स्नायू, नसा यांची. ती भिंतही दुखू शकते आणि तुमची तर एकाच जागी दोनदा कापली गेली आहे. आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांपाशी कंबरेकडून जांघेकडे जाणाऱ्या नसा असतात. छेद जरा लांबला, टाका जरा बाजूला पडला किंवा व्रण भरताना घट्ट झाला, तर त्यातली एखादी दुखावते किंवा आवळली जाते. मग आग होते, चमक निघते, मुंग्या येतात, कधी शेजारचा तळहाताएवढा भाग बधिर असतो आणि मधली टिचभर जागा मात्र हात लावू देत नाही. कळ जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला उतरते. काही महिन्यांनी सुरू होणं हेही त्यात बसतं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. जॉन कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६मध्ये एक साधी तपासणी लिहून ठेवली. उताणं झोपायचं, डॉक्टर दुखऱ्या जागी बोटानं दाबून धरतात आणि तुम्ही हात न टेकता डोकं-खांदे उचलायचे. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठ झालेली भिंत त्याला ढालीसारखी झाकते आणि कळ कमी होते. दुखणं भिंतीतच असेल तर ती तेवढीच राहते किंवा वाढते. अर्ध्या मिनिटाचं काम. ही अंतिम कसोटी नव्हे, तिच्यावरून घरच्या घरी निदान करू नका. पण दिशा दाखवायला ती चांगली आहे. आणखी एक ढोबळ खूण: माणूस दुखणारी जागा एका बोटानं दाखवतो की सगळा तळहात पोटावर फिरवतो? तुम्ही ‘एका बोटाएवढी’ असं लिहिलंत.

भिंतीचा संशय आला तर पुढची पायरी म्हणजे त्या नेमक्या जागी, शक्यतो सोनोग्राफीत बघत, भूल देणारं औषध टोचणं. दहा-पंधरा मिनिटांत दुखणं विरलं तर जागा सापडली. म्हणजे तपासणीही तीच आणि उपचारही तोच. काहींना एक-दोन इंजेक्शनांत बराच काळ आराम पडतो, काहींना काही आठवडे, काहींना अजिबात नाही. हे काम बहुतेक ठिकाणी पेन क्लिनिकमधले भूलतज्ज्ञ करतात. पाच वर्षांत तुम्हाला तिकडे कोणीच पाठवलं नाही याचं मला वाईट वाटतं, आश्चर्य मात्र वाटत नाही.

त्याच भेटीत दोन गोष्टी पाहून घ्या. एक, उभं राहून आणि खोकून व्रणाची तपासणी. झोपून केलेल्या सीटीत छोटासा हर्निया निसटू शकतो. दुसरी तुमच्या परिस्थितीतली खास: गर्भाशय नाही म्हणून पाळी नाही, पण अंडाशय आहेत, तेव्हा महिन्याचं चक्र आत चालूच असणार. सिझेरियनच्या व्रणात कधी कधी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी रुजतात आणि त्या चक्रासोबत फुगतात, दुखतात. पाळी दिसत नसल्यामुळे हा संबंध तुमच्याही लक्षात येणार नाही. म्हणून कॅलेंडरवर दुखण्याच्या तारखा मांडायच्या आणि दर चार आठवड्यांनी उसळी दिसते का ते पाहायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, दुर्बिणीतून सोडवून घेऊ का?

पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक लोकांच्या पोटात काही ना काही चिकटतं. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे दुर्बीण घातली आणि आत चिकटलेलं दिसलं, तरी तेच तुमच्या दुखण्याचं कारण हे सिद्ध होत नाही. २००३ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. जुनाट पोटदुखी आणि आत चिकटलेलं आढळलेल्या १०० जणांची दुर्बिणीतून पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांचं चिकटलेलं सोडवलं, उरलेल्यांचं नुसतं पाहून बंद केलं. कोणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षभरानं दोन्ही गटांचं दुखणं बरंच कमी झालं होतं, आणि सारखंच कमी झालं होतं! सोडवल्याचा वेगळा फायदा दिसला नाही. त्यात सोडवताना आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, आणि सोडवलेलं पुन्हा चिकटू शकतं.

याचा अर्थ तुमचे सर्जन फसवताहेत असा नाही. ‘काहीतरी करून बघू’ म्हणणारा डॉक्टर ‘मन रमवा’ म्हणणाऱ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतोय, असंच मला वाटतं. आतडं वारंवार अडत असेल तर सोडवण्याची शस्त्रक्रिया करावीही लागते. पण तुमच्या पत्रात उलट्या नाहीत, पोट फुगणं नाही, शौच अडणं नाही. म्हणून त्यांना सरळ विचारा: माझी भिंत तपासली का? आत चिकटलेलं सापडलं तर तेच कारण आहे हे तुम्ही कशावरून ठरवाल? आणि सोडवूनही दुखलं तर पुढे काय? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. भिंतीची तपासणी आणि इंजेक्शन होईपर्यंत तारीख पुढे ढकलून मागा. पाच वर्षं थांबलात तशा आणखी सहा आठवड्यांनी बिघडणार नाही.

‘कारण सापडल्याशिवाय पुढे कशी जाऊ’ या वाक्याशी मात्र मला थोडं भांडायचंय. यात एक गृहीतक लपलंय, की आधी कारण, मग उपचार, मग जगणं, अशी रांग आहे. ताप असता तर ठीक होतं. जुनाट वेदना या रांगेत उभी राहत नाही. रोज त्याच रस्त्यानं माणसं गेली की गवतातून पाऊलवाट मळते, तसं मज्जारज्जूतल्या पेशींचं होतं. त्याच वाटेनं कळ इतक्यांदा जाते की नंतर हलका स्पर्शही तिच्यावरून कळ बनून धावतो. क्लिफर्ड वुल्फ या संशोधकानं १९८३मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. इलॅस्टिक टेकल्यावर दुखतं ते यामुळेही असेल. म्हणजे मूळ जखम भरून गेली तरी वाट उरते, आणि त्या वाटेवर उपचार करता येतात, कारणाचा पक्का पुरावा नसला तरी. तेव्हा शोध आणि उपचार बरोबरीनं चालू द्या.

यासाठी डॉक्टर कदाचित रात्रीची अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी किंवा गॅबापेंटिनसारखं नसांचं औषध देतील. अमिट्रिप्टिलिनचं नाव तुम्ही घरी येऊन शोधाल आणि ‘नैराश्यावरचं औषध’ असं वाचून तुमचा चेहरा पडेल. कितीतरी जणींनी ती पट्टी तशीच परत माझ्या टेबलावर आणून ठेवलीय, ‘तुम्हीही तेच म्हणताय ना?’ म्हणत. नाही म्हणत. नैराश्याला लागते त्याहून खूप कमी मात्रेत ते नसांची कळ मंदावतं, झोपही सुधारतं. मात्र तुम्ही ट्रामाडॉल घेताय हे आधी सांगा. दोन्ही एकत्र घेण्यात धोका असतो.

ट्रामाडॉलबद्दल स्पष्ट बोलते. रोज दोन-तीन, अनेक महिने, हे मला आवडलेलं नाही. त्यानं बद्धकोष्ठ होतं, आणि बद्धकोष्ठानं पोट दुखतं. या जातीच्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर वेदनेची संवेदनशीलता वाढूही शकते. पण उद्यापासून एकदम बंद करू नका, त्रास होईल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या. त्यांच्याऐवजी स्वतःच्या मनानं दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू करू नका. त्या जठराला आणि मूत्रपिंडाला महागात पडतात.

‘मन रमवा’ हा सल्ला नव्हे, निरोप आहे: या, आता तुमच्यासाठी वेळ नाही. पण त्या रागात मनाचा विषयच वर्ज्य करू नका. वेदनेवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा आदर करावा. त्याच व्याख्येत वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून अनुभव मानला आहे. पाच वर्षं कोणी विश्वास ठेवला नाही तर झोप जाते, भीती बसते, आणि झोप-भीती दोन्ही कळ वाढवतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे दुखणं खोटं होतं अशी कबुली नव्हे.

पेन क्लिनिकला जाताना फाइल घेऊन जा, पण वर एकच पान ठेवा. शस्त्रक्रियांच्या तारखा, दुखणं कधी सुरू झालं, चालू असलेली औषधं, आणि ती बोटाएवढी जागा पेनानं काढलेलं पोटाचं साधं चित्र. पाच वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची लेखी नोंद आणि काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल त्या रुग्णालयातून मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा दोन ओळीच असतात.

आणि निदान चार आठवडे रोज दोन ओळी लिहा. दहापैकी किती दुखलं हा आकडा मला फारसा उपयोगी वाटत नाही. त्यापेक्षा कसं दुखलं ते आपल्या भाषेत लिहा. ठसठस, ठणका, मुरडा, कळ, चमक, आग, टोचणं, ओढ, दडपण: मराठीत दुखण्याला नेमके शब्द आहेत आणि केसपेपरवर येईपर्यंत त्या सगळ्यांचं ‘पोटदुखी’ होऊन जातं. मुरडा येऊन शौचानंतर बरं वाटत असेल तर आतड्याकडे बघावं लागतं. चमक आणि आग म्हटलं की नसेकडे. वाकताना ओढ बसत असेल तर व्रणाकडे, स्नायूकडे. जेवणाआधी की नंतर, बसून की उभ्यानं, हेही सोबत लिहा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. पित्ताशय काढल्यानंतर उजव्या बरगडीखाली कळ आणि डोळे पिवळे दिसले तर नळीत खडा असू शकतो. वजन घटवण्याची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना जेवणानंतर येऊन जाणारी तीव्र कळ असेल तर, सीटी नॉर्मल असली तरी, सर्जनला दाखवा. आतडं आतल्या फटीत सरकत असण्याची शक्यता असते. आणि कोणालाही उलट्यांसह पोट फुगलं, गॅस-शौच बंद झालं, व्रणाची गाठ कडक होऊन आत जाईना, ताप आला, शौचातून रक्त किंवा काळी शौच झाली, तर डायरी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. विनाकारण वजन उतरत असेल तर तपासणी नव्यानं.

रोजच्या दिवसाचं काय? तुम्ही लिहिलंय की चालताना उजवा हात आपोआप पोटावर जातो आणि तुम्ही किंचित वाकून चालता. पाच वर्षं असं चाललं की कंबर आणि मांडीचे स्नायूही भांडायला लागतात. फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. घरी, बरं वाटत असेल तेव्हा, व्रणाच्या आसपास आधी मऊ कापड, काही दिवसांनी जरा खरखरीत, असं दोन मिनिटं फिरवा, दुखऱ्या जागेच्या बाहेरून सुरुवात करून. आणि चांगल्या दिवशी आठवडाभराची कामं उरकून पुढचे तीन दिवस अंथरुणात काढणं थांबवा. बरं वाटलं तरी ठरल्या वेळेला बसायचं, वाईट असलं तरी थोडं उठायचं. सांगायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस तुम्हाला माझा राग येईल.

घरच्यांना ‘समजून घ्या’ असं सांगून काही होत नाही, तसं सांगून तुम्ही दमलाच आहात. यजमानांना पेन क्लिनिकच्या पहिल्या भेटीला सोबत न्या आणि कार्नेटची तपासणी होताना खोलीतच थांबू द्या. तुम्ही डोकं उचललंत आणि तुमचा चेहरा वेडावाकडा झाला, तर जे पाच वर्षांच्या सांगण्यानं कळलं नाही ते त्यांना त्या अर्ध्या मिनिटात दिसेल.

इंजेक्शननं काय झालं ते कळवा. काहीच फरक पडला नाही तरी कळवा. मग डायरीच्या पानांवरून पुन्हा बोलू.